संगणकांतील वंशवृक्ष

वंशवृक्ष ही वस्तु मराठी घरांस नवी नाहीं. ज्यांच्या घरीं जुनीं कागदपत्रें राहिलीं आहेत त्यांच्या पेटींत बहुधा एखादी लांबलचक गुंडाळी सांपडते. तिच्या माथ्यावर मूळ पुरुषाचें नांव असतें, त्याखालीं त्याचे पुत्र, त्यांच्याखालीं नातू, आणि बोट फिरवीत फिरवीत आपण शेवटीं आपल्या आजोबांपर्यंत येऊन पोहोंचतों. आमच्या सांगलीच्या पटवर्धन घराण्याचेंच उदाहरण घ्या. हरभट पटवर्धन हे त्याचे मूळ पुरुष. त्यांच्या वंशजांपासून मिरज, जमखंडी, कुरुंदवाड अशा शाखा झाल्या, आणि १८०१ मध्यें चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेपासून विभक्त झाले तेव्हां सांगलीची शाखा स्वतंत्र झाली. एवढा दीडदोनशें वर्षांचा इतिहास एका कागदावर मावतो, याचें कारण वृक्षाची रचना फार सोपी असते. प्रत्येकाचा पिता एकच, आणि मूळ पुरुषाच्या वर कोणी नाहीं.

हीच रचना आज संगणकाच्या पडद्यावर आपणांस पदोपदीं दिसते. डाव्या बाजूस नांवांची एक यादी असते, नांवामागें अधिकाचें लहानसें चिन्ह असतें, तें दाबलें कीं त्या नांवाच्या पोटांतील नांवें खालीं उलगडतात, व पुन्हां दाबलें कीं मिटून जातात. संगणकांतील कप्पे व त्यांतील कागद असेच मांडलेले असतात. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आपले वडील सातबारा पाहावयास जातात तेथेंहि मांडणी वेगळी दिसली तरी तत्त्व हेंच आहे. जिल्हा, मग तालुका, मग गांव अशा क्रमानें निवड करावी लागते, आणि वरची निवड झाल्यावांचून खालची यादी भरत नाहीं. ही यादी भरतो कोण, ती कोठून येते, आणि ती चुकली तर काय होतें, हें आम्ही येथें सांगणार आहों.

या विषयाकडे आमचें लक्ष कां वेधलें, तें आधीं सांगितलें पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वेळीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें होतें. त्या अनुभवानंतर आम्हीं ठरविलें कीं, आपल्या वसतिगृहांतील प्रत्येक मुलाचें गांव जिल्हा व तालुका यांसह एका यादींत लावून ठेवावें; म्हणजे पाणी चढूं लागलें कीं कोणत्या गांवच्या पालकांस कोणता निरोप धाडावयाचा हें चटकन् कळेल. शाळेच्या संगणकावर मुलांनीं व शिक्षकांनीं मिळून ही वृक्ष-यादी तयार केली. पुढें एका पावसाळ्यांत वसतिगृह चार दिवस बंद ठेवण्याचें ठरलें आणि यादी पाहून निरोप गेले. तरीहि वाळवा तालुक्यांतील बोरगांवचे एक गृहस्थ भर पावसांत, अर्ध्या वाटेवर पाणी आलें असतां, आपल्या मुलास घेऊन दाराशीं येऊन उभे राहिले. त्यांस निरोपच गेला नव्हता. परतीचा रस्ता तोंवर बंद झाला होता, आणि बापलेकांस ती रात्र एका शिक्षकांच्या घरीं काढावी लागली. दुसरें कांहीं विपरीत घडलें नाहीं, ही कृपाच म्हणावयाची. पण मुलाचें नांव यादींत असून तें सांपडलें कां नाहीं, हें शोधल्यावांचून आम्हांस चैन पडेना.

शोध लागला तो असा. बोरगांव नांवाचें गांव सातारा तालुक्यांतहि आहे. आमच्या यादींत मुलाच्या नांवापुढें केवळ ‘बोरगांव’ असें लिहिलें होतें, आणि संगणकानें जें बोरगांव प्रथम आढळलें त्याच्या पोटांत त्यास नेऊन बसविलें. मुलगा वाळव्याचा, पण यादींत तो साताऱ्याचा झाला. सांगली जिल्ह्याची फांदी उलगडून निरोप धाडणाऱ्या शिक्षकांस तो दिसण्याचा संभवच नव्हता.

आतां अशी यादी मुळांत ठेवतात कशी तें पाहूं. संगणकाच्या पडद्यावर झाड दिसतें खरें, पण माहिती जेथें साठविलेली असते तेथें झाड नसतें. तेथें साधें रकान्यांचें कोष्टक असतें. ज्या मोठ्या संगणकावर तें ठेवलेलें असतें त्यास सर्व्हर म्हणतात. कोष्टकाच्या प्रत्येक ओळींत तीन गोष्टी तरी पाहिजेत: त्या ओळीचा स्वतःचा क्रमांक, तिच्या पित्याचा क्रमांक, आणि नांव. आमच्या यादीचा एक तुकडा, समजण्यास सोपे क्रमांक घालून, खालीं देतों.

क्रमांक १ : पिता नाहीं : महाराष्ट्र
क्रमांक २ : पिता १ : सांगली जिल्हा
क्रमांक ३ : पिता १ : सातारा जिल्हा
क्रमांक ४ : पिता २ : वाळवा तालुका
क्रमांक ५ : पिता ३ : सातारा तालुका
क्रमांक ६ : पिता ४ : बोरगांव
क्रमांक ७ : पिता ५ : बोरगांव

शेवटच्या दोन ओळी पाहा. नांव एकच, परंतु क्रमांक निराळे व पितेहि निराळे. मुलाच्या ओळींत पित्याच्या जागीं ‘बोरगांव’ न लिहितां ‘६’ लिहिला असता तर घोटाळा झालाच नसता. म्हणून पहिला नियम असा कीं, नातें क्रमांकानें जोडावें, नांवानें जोडूं नये. नांवें एकसारखीं असतात, तशीं तीं बदलतातहि. आपला जिल्हा १९४९ मध्यें निर्माण झाला तेव्हां त्याचें नांव दक्षिण सातारा होतें. १९६० मध्यें तें सांगली झालें. औरंगाबाद जिल्हा २०२३ मध्यें छत्रपती संभाजीनगर झाला. नांव बदललें म्हणून खालच्या शेंकडों गांवांच्या ओळी बदलाव्या लागल्या तर काम कधीं संपावयाचें नाहीं. क्रमांकानें नातें जोडलें असेल तर एकाच ओळींतील नांव बदललें कीं काम झालें. जनगणनेचें खातेंहि हेंच करतें. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्राचा क्रमांक २७, सातारा जिल्ह्याचा ५२७ व सांगलीचा ५३१ होता, आणि प्रत्येक गांवासहि स्वतंत्र क्रमांक दिलेला होता.

या रचनेचा आणखी एक लाभ आहे. पलूस पूर्वीं तासगांव तालुक्यांत मोडत असे. पुढें पलूस हा स्वतंत्र तालुका झाला. अशा वेळीं नव्या तालुक्याची एक ओळ वाढवावयाची, आणि जीं गांवें त्यांत गेलीं त्यांच्या ओळींतील पितृक्रमांक तेवढा बदलावयाचा. गांवाच्या पोटांत जें कांहीं असेल तें त्याच्यामागोमाग आपोआप नव्या फांदीवर जातें. एखादी फांदी कापून दुसरीकडे कलम करावी तसेंच हें आहे.

कोष्टक झालें. आतां तें पडद्यापर्यंत कसें पोहोंचतें? पुण्यास पेशवे दफ्तर आहे. तेथें मराठी राज्याचे कागद रुमालांत बांधून फडताळांत रचून ठेवलेले आहेत. अभ्यासक तेथें गेला म्हणजे सारे रुमाल कोणी त्याच्यापुढें आणून ओतीत नाहीं. तो मागेल तो रुमाल काढून देतात. त्यांतून पुढचा धागा सांपडला कीं तो दुसरा मागतो. सर्व्हर आणि पडदा यांचें नातें याच प्रकारचें आहे. आपण सांगलीपुढील चिन्ह दाबलें कीं आपल्या हातांतील ब्राउझर सर्व्हरास विचारतो, ‘क्रमांक २ चीं मुलें कोणतीं?’ सर्व्हर कोष्टकांत ज्यांचा पितृक्रमांक २ आहे अशा ओळी निवडतो. त्यांत मिरज, तासगांव, कवठेमहांकाळ, जत, खानापूर, आटपाडी, पलूस, कडेगांव, वाळवा व शिराळा हे दहा तालुके निघतात. त्यांची चिठ्ठी बांधून तो परत धाडतो, आणि ब्राउझर तीं नांवें सांगलीच्या खालीं, थोडीं आंत सरकवून, मांडतो.

ही चिठ्ठी ठराविक पद्धतीनें लिहावी लागते, नाहीं तर घेणाऱ्यास ती वाचतां येणार नाहीं. आज बहुतेक ठिकाणीं जेसन नांवाची पद्धत वापरतात. तिच्यांत प्रत्येक वस्तूची माहिती महिरपी कंसांत जोड्याजोड्यांनीं लिहितात: क्रमांक ४, नांव वाळवा, मुलें आहेत होय. अशा अनेक वस्तूंची माळ चौकटी कंसांत ओंवली कीं चिठ्ठी पूर्ण झाली. शेवटची जी जोडी आहे, ‘मुलें आहेत कीं नाहींत’, ती क्षुल्लक समजूं नये. तिच्यावरूनच ब्राउझर ठरवितो कीं नांवामागें अधिकाचें चिन्ह काढावयाचें किंवा नाहीं. ती न पाठविली तर प्रत्येक नांवामागें चिन्ह दिसतें, आणि वाचक मोठ्या आशेनें तें दाबतो तों आंत कांहींच नसतें.

कोणी विचारील, दर वेळीं विचारीत बसण्यापेक्षां सगळें झाड एकदांच कां पाठवूं नये? लहान झाडास तें उत्तमच. वसतिगृहांतील मुलांची यादी शेंदीडशें ओळींची. ती एका दमांत पाठविली तर पुढें प्रत्येक फांदी विनाविलंब उघडते. परंतु महाराष्ट्रांत ३६ जिल्हे, ३५८ तालुके व चाळीस हजारांवर गांवें आहेत. शिराळ्याच्या डोंगरांत एखाद्या शेतकऱ्यास आपल्या एकाच गांवाचें नांव हवें असतां त्याच्या भ्रमणध्वनीवर सगळ्या राज्याचीं गांवें ओतणें म्हणजे तांब्याभर पाणी मागणाऱ्यापुढें धरणाचे दरवाजे उघडण्यासारखें आहे. मागेल तेवढेंच दिलें तर त्यास प्रथम छत्तीस नांवें येतात, मग दहा, मग त्या तालुक्याचीं गांवें, आणि काम होतें. याच्या उलट, प्रत्येक पायरीस थोडें थांबावें लागतें हा या पद्धतीचा तोटा आहे. म्हणून एकदां आलेली फांदी ब्राउझरानें जवळ जपून ठेवावी. ती मिटून पुन्हां उघडली तर पुन्हां विचारावयास जाऊं नये. मात्र मूळ कोष्टकांत बदल झाला असेल तेव्हां जुनी फांदी टाकून नवी आणलीच पाहिजे.

सगळें झाड एकदांच पाठवावयाचें ठरलें तरी तें रचण्यांत एक आळस सर्वांच्या हातून होतो. आमच्या मुलांनींहि प्रथम तोच केला. सर्व्हरानें आधीं जिल्हे काढले. मग पहिल्या जिल्ह्यासाठीं कोष्टकाकडे एक खेप, दुसऱ्यासाठीं दुसरी, मग प्रत्येक तालुक्यासाठीं आणखी एकेक. शिपायास एका वेळीं एकच कागद आणावयास सांगून तीनशें अठ्ठावन्न वेळां दफ्तरखान्यांत पाठवावें, असा हा प्रकार झाला. शहाणा कारकून एकाच खेपेंत सारे कागद आणवितो, ते पितृक्रमांकाप्रमाणें गठ्ठ्यांत लावतो, आणि मग मूळ पुरुषापासून आरंभ करून ज्याचा गठ्ठा त्याच्या हातीं देत जातो. काम तेंच, पण प्रत्येक कागदास एकदोनदांच हात लागतो.

क्रम लावण्याचें कामहि सर्व्हराचेंच, आणि त्यांत मराठीची एक खास अडचण आहे. संगणकांत प्रत्येक अक्षरास एक संकेतांक असतो, आणि कांहीं न सांगतां सोडलें तर संगणक त्या अंकांच्या क्रमानें नांवें लावतो. त्या क्रमांत ळ हें अक्षर लच्या लगेच मागून येतें, आणि क्ष हें स्वतंत्र अक्षर नसून क ला ष जोडलेला धरला जातो. आपल्या वर्णमालेंत तर ळ, क्ष, ज्ञ हीं शेवटीं येतात. म्हणून साताऱ्याजवळचें क्षेत्र माहुली हें गांव शोधणारा वाचक यादीच्या शेवटीं जातो, आणि गांव बसलेलें असतें क च्या नांवांमागें! मराठी वर्णक्रमानें नांवें लाव, असें सर्व्हरास स्पष्ट बजावलें तरच ही चूक टळते.

शोध घेण्याची सोय द्यावयाची असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वाचकानें ‘बोरगांव’ हें नांव लिहून शोधलें तर सर्व्हरानें केवळ बोरगांव असें उत्तर देऊन भागत नाहीं. त्यानें त्या ओळीपासून पित्याकडे, तेथून पित्याच्या पित्याकडे असें मूळ पुरुषापर्यंत चढत जाऊन सगळी वाट सांगितली पाहिजे: महाराष्ट्र, सांगली, वाळवा, बोरगांव. आणि अशीं दोन असतील तर दोन्ही वाटा सांगाव्या. म्हणजे पडद्यावर तेवढ्या फांद्या उघडून नेमकें पान दाखवितां येतें, आणि आपणांस हवें तें बोरगांव कोणतें हें वाचकासहि कळतें.

आतां दोषांविषयीं. वृक्ष-यादींत दोन रोग फार घातक आहेत. पहिला पोरकेपणाचा. एखाद्या ओळींत असा पितृक्रमांक लिहिलेला असतो कीं ज्याची ओळच कोष्टकांत नसते. ती ओळ कोष्टकांत सुखरूप असते, पण मुळापासून खालीं येणारी एकहि वाट तिच्यापर्यंत जात नाहीं, म्हणून पडद्यावर ती कधींच दिसत नाहीं. दुसरा रोग चक्राचा. ‘अ’ चा पिता ‘ब’ व ‘ब’ चा पिता ‘अ’ असें चुकून लिहिलें गेलें तर ती जोडी मुळापासून तुटते. आणि वर चढत जाणारा संगणक तिच्यांत सांपडला तर घाण्याच्या बैलाप्रमाणें फिरत राहतो. दोन्हींवर औषध एकच. नवी ओळ लिहितांना किंवा पिता बदलतांनाच सर्व्हरानें तपासावें कीं पिता अस्तित्वांत आहे, आणि तो आपल्याच वंशजांपैकीं नाहीं. नंतर शोधण्यापेक्षां दारांतच अडविणें सोपें असतें.

कांहीं नातीं मात्र वृक्षांत मावतच नाहींत, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. दत्तक पुत्राचेंच पाहा. सांगली संस्थानचे शेवटचे अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब हे १९०३ मध्यें दत्तक आले. दत्तक पुत्रास जनक घराणें एक व दत्तक घराणें दुसरें. एका रकान्यांत दोन पिते लिहितां येत नाहींत. अशा वेळीं यादी कोणत्या नात्याची आहे हें आधीं ठरवावें, वृक्षांत तेंच लिहावें, आणि दुसऱ्या नात्यासाठीं वेगळें कोष्टक करावें. रकाना अपुरा पडतो म्हणून नातें खोटें ठरत नाहीं.

सर्व्हराच्या उत्तरांविषयीं एक गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. फांदी उघडली असतां तीन प्रकार संभवतात. मुलें आलीं; मुलें नाहींतच; किंवा विचारणा मध्येंच तुटली व कांहीं कळलेंच नाहीं. आमच्या पहिल्या यादींत दुसऱ्या व तिसऱ्या प्रसंगीं पडदा सारखाच रिकामा दिसत असे. पुराच्या दिवसांत तारा तुटतात, वीज जाते, उत्तर येत नाहीं; अशा वेळीं रिकामी फांदी पाहून ‘या तालुक्यांत आपला कोणी विद्यार्थी नाहीं’ असें समजणें किती भयंकर आहे! ‘नाहीं’ आणि ‘कळलें नाहीं’ या दोन उत्तरांत फार मोठें अंतर आहे. म्हणून आतां उत्तर येईपर्यंत ‘माहिती येत आहे’ असें दिसतें, खरोखर कोणी नसेल तर ‘येथें नोंद नाहीं’ असें दिसतें, आणि विचारणा तुटली तर ‘उत्तर मिळालें नाहीं, पुन्हां विचारा’ असें स्पष्ट शब्दांत दिसतें.

पालकांस एक आश्वासनहि देणें आमचें कर्तव्य आहे. पडद्यावर एखादी फांदी न दाखविणें म्हणजे ती कुलूपबंद करणें नव्हे. ज्यास क्रमांक ठाऊक आहे तो पडदा बाजूस सारून सर्व्हरास थेट विचारूं शकतो. यासाठीं प्रत्येक विचारणेच्या वेळीं विचारणारा कोण व त्यास अधिकार काय, हें सर्व्हरानें स्वतः तपासावें लागतें. आमच्या यादींत गांवांचीं नांवें शाळेंत सर्वांस दिसतात. पालकांचे दूरध्वनी क्रमांक मात्र नेमलेल्या शिक्षकांखेरीज कोणाच्याहि चिठ्ठींत सर्व्हर घालीत नाहीं.

त्या बोरगांवच्या मुलाची ओळ आतां क्रमांक ६ च्या खालीं लावलेली आहे. त्यानंतर आम्हीं सर्व मुलांस आपापली वाट मुळापासून वाचून दाखविण्यास सांगितलें, तेव्हां आणखी दोघांचीं नांवें भलत्या फांदीवर निघालीं. तेव्हांपासून दर वर्षीं जून महिन्यांत, पाऊस बळावण्यापूर्वीं, प्रत्येक विद्यार्थी पडद्यापुढें बसून आपली ओळ स्वतः तपासतो, असा नियम केला आहे. संगणक हा आज्ञाधारक कारकून आहे. दिलेल्या क्रमांकाप्रमाणें तो बिनचूक काम करतो, पण क्रमांकच चुकला तर चूकहि तितक्याच निष्ठेनें करतो. यंदाहि पालकांनीं प्रवेशपत्रावर गांवाबरोबर तालुका व जिल्हा न विसरतां लिहावा, आणि गांव बदललें तर कार्यालयास कळवावें, अशी विनंति करून आम्ही हा लेख संपवितों.